घरात कर्करोग आला तर सरकारी मदत कोणत्या क्रमाने घ्यायची: महाराष्ट्रापुरतं मार्गदर्शन

महाराष्ट्रात कर्करोगाच्या उपचारासाठी सरकारी मदत बरीच आहे. ती सात-आठ खात्यांत विखुरलेली आहे, एवढीच अडचण. आरोग्य खातं रेशनकार्ड मागतं, रेशनकार्ड पुरवठा शाखेत अडकलेलं असतं, उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराकडे आणि रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म डॉक्टरांच्या टेबलावर. घरात पहिल्यांदाच हा आजार आलेल्या माणसाला यातलं काही माहीत नसतं आणि सांगणाराही सहसा भेटत नाही.

फॉर्म भरायला नातेवाइकांसोबत बसल्यावर एक गोष्ट सारखी दिसते. मदत हुकते ती बहुतेक वेळा पात्रता नसल्यामुळे हुकत नाही. पैसे आधी भरले जातात आणि विचारणा नंतर होते. जवळपास सगळ्या योजना पैसे रुग्णालयाला देतात, रुग्णाच्या हातात देत नाहीत, आणि तेही उपचाराआधी मंजुरी घेतली असेल तरच. पावत्यांची पिशवी घेऊन मागाहून फिरणाऱ्याला परतावा मिळणं फार अवघड. म्हणून खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्या. आजार अजून कुणाला नसेल तर पहिली पायरी तुमच्यासाठीच आहे.

पहिली पायरी: काही होत नसताना तपासून घ्या

तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची तोंडाच्या, बायकांची त्याशिवाय स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी करायची, हे असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ठरलेलं आहे. गावात याची सुरुवात आशाताईंपासून होते. त्या घरी येऊन एक फॉर्म भरतात, त्याला सीबॅक म्हणतात. वय, कमरेचं माप, तंबाखू, दारू, व्यायाम, घरात कुणाला मधुमेह किंवा रक्तदाब आहे का, असे प्रश्न असतात आणि उत्तरांना गुण. चारपेक्षा जास्त गुण झाले की त्या माणसाला तपासणीला आधी बोलवायचं, असा नियम.

इथे लोक सर्रास खोटं बोलतात. मिशरी लावणारी सासू सुनेसमोर "मी कुठे तंबाखू खाते?" म्हणते, आणि तिच्या मनात ते खोटंही नसतं, कारण मिशरी म्हणजे दात घासायची वस्तू. मिशरी, मावा, खर्रा, तंबाखू-चुना हे सगळं तंबाखूच आहे. २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. त्यात बिडी-सिगारेट ओढणारे जेमतेम ३.८ टक्के. बाकीचा सगळा मामला तोंडात ठेवायच्या तंबाखूचा, आणि म्हणून आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाची एवढी धास्ती.

तोंडाची तपासणी पाच मिनिटांची आहे. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी उजेडात जीभ, गालाची आतली बाजू, हिरड्या, जिभेखालची जागा पाहतात. पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, कमी उघडणारं तोंड या त्यांच्या खुणा. शेवटची खूण घरीही पाहता येते. स्वतःची मधली तीन बोटं एकमेकांना चिकटवून उभी धरा आणि वरच्या-खालच्या दातांमध्ये जातात का बघा. जात नसतील तर सुपारी-मावा त्याच दिवशी बंद करून दाखवायला जा. हा अजून कर्करोग असेलच असं नाही, पण त्याच्या वाटेवरची अवस्था असू शकते.

गर्भाशयमुखाच्या तपासणीचं नाव काढलं की बायका मागे सरतात. प्रत्यक्षात तिथे होतं ते इतकंच: गर्भाशयाच्या तोंडावर पातळ केलेलं अॅसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच, कापसाने लावतात आणि मिनिटभर थांबतात. बिघडलेल्या पेशी असतील तर तेवढा भाग पांढरा दिसू लागतो. भूल नाही, कापाकापी नाही. मुंबईत परळला असलेल्या टाटा मेमोरियल या कर्करोग रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख बायकांवर याचा दीर्घ अभ्यास केला. तपासणी करणाऱ्या कुणी डॉक्टर नव्हत्या, दहावीपर्यंत शिकलेल्या आणि प्रशिक्षण दिलेल्या बायका होत्या. दर दोन वर्षांनी तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. गावातली नर्स ही तपासणी करते म्हणून तिला दुय्यम समजायचं कारण नाही, हे इतक्या मोठ्या अभ्यासानं दाखवलं आहे.

पाळी थांबल्यावर पुन्हा रक्त जाणं, शरीरसंबंधानंतर रक्त जाणं, स्तनातली न दुखणारी गाठ या गोष्टी असतील तर शिबिराची वाट पाहू नका, सरळ डॉक्टरांना दाखवा. न दुखणारी गाठ म्हणजे साधी गाठ, ही समजूत जिवावर बेतते.

मुलींसाठी एचपीव्हीची लस आहे. गर्भाशयमुखाच्या बहुतेक कर्करोगांच्या मागे याच विषाणूचा लांबलेला संसर्ग असतो. लस ९ ते १४ या वयात, म्हणजे संसर्गाचा संभव सुरू होण्याआधी, सर्वांत उपयोगी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक ही भारतीय लस २०२३ मध्ये बाजारात आली. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती कोणत्या वयाला मिळते हे आशाताईंना विचारा. खासगीत घ्यायची तर बालरोगतज्ज्ञांकडे मिळते.

तंबाखू सोडायची असेल तर राष्ट्रीय क्विटलाइनचा १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक आहे. समुपदेशक पुन्हा पुन्हा फोन करून पाठपुरावा करतात. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला मनाई आहे, अठरा वर्षांखालच्यांना विकायलाही. कायदा कागदावर चांगला आहे. शाळेसमोरच्या टपरीबद्दल मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीनं मिळून पोलीस ठाण्यात किंवा अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी अर्ज द्यावा. एकट्यादुकट्यानं तोंडी सांगून टपरी हलत नाही.

दुसरी पायरी: शंका आली की निदान सरकारी रुग्णालयात

हा सल्ला अनेकांना आवडत नाही. सिव्हिलमधली गर्दी कुणाला नको असते. तरी हिशेब समजून घ्या. तिसऱ्या पायरीत येणाऱ्या सरकारी विमा योजनेची मंजुरी मिळायला कर्करोग असल्याचा पुरावा लागतो: बायोप्सीचा रिपोर्ट, स्कॅन, तज्ज्ञाचं पत्र. म्हणजे निदान होईपर्यंतचा खर्च योजनेच्या दाराबाहेर पडतो. खासगीत सोनोग्राफी, सीटी, बायोप्सी, पुन्हा एमआरआय करता करता घरातली शिल्लक संपते, आणि योजना लागू होते तेव्हा माणूस कर्जात असतो.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपर, तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकेची रुग्णालयं वेगळ्या खात्यांची. तिथे थोडं शुल्क लागतं. बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढून असंसर्गजन्य आजारांचा कक्ष विचारा. आशाताईंनी किंवा आरोग्य केंद्रानं संदर्भ चिठ्ठी दिली असेल तर ती वर ठेवा, हातची वेळ वाचते.

आता बायोप्सीबद्दल. गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला की रिपोर्टाच्या कागदावर लोक समाधानी होतात. तुम्ही आणखी दोन गोष्टी मागून घ्या: स्लाइड आणि ब्लॉक. स्लाइड म्हणजे काचेच्या पट्टीवर लावलेला पातळ काप. ब्लॉक म्हणजे तो तुकडा मेणात बसवून केलेली वडी, प्लॅस्टिकच्या छोट्या चौकटीत असते आणि तिच्यावर प्रयोगशाळेचा क्रमांक लिहिलेला असतो. टाटासारख्या मोठ्या केंद्रात पहिल्याच भेटीत या दोन्ही मागतात, कारण ते रिपोर्टावर विसंबत नाहीत, स्वतः पुन्हा पाहतात. ब्लॉक नसेल तर पुन्हा सुई, पुन्हा भूल, पुन्हा आठवडाभर वाट. प्रयोगशाळेत अर्ज देऊन सही करून ब्लॉक मिळतो. बसच्या खिडकीत उन्हात ठेवू नका, मेण आहे. पाकिटावर रुग्णाचं नाव आणि तोच क्रमांक लिहा.

तिसरी पायरी: रेशनकार्ड आजच काढून बघा

सगळ्यात जास्त कामं इथेच अडतात, म्हणून जरा सविस्तर.

राज्याची मुख्य योजना म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. ती २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये नाव बदललं. २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडून चालते. पूर्वी पिवळं आणि केशरी कार्ड लागायचं. २०२३ च्या शासन निर्णयानं ती पांढऱ्या कार्डासह सगळ्या कुटुंबांना खुली झाली आणि वर्षाला कुटुंबामागे संरक्षण दीड लाखावरून पाच लाख रुपये झालं. तेव्हा यादीत १,३५६ उपचार होते, त्यात कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन तिन्ही आहेत. "आमचं पांढरं कार्ड, आम्हाला काही मिळत नाही" हे अजूनही ऐकू येतं. ते जुनं झालं.

आता कार्ड हातात घ्या आणि चार गोष्टी तपासा.

रुग्णाचं नाव कार्डावर आहे का? लग्न होऊन दहा वर्षं झालेल्या सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डावर असतं, किंवा तिकडून कमी झालेलं आणि इकडे चढलेलंच नसतं. अशा वेळी माहेरच्या तालुक्यातून नाव कमी केल्याचा दाखला आणावा लागतो. दुसरा तालुका, दुसरा जिल्हा असेल तर घरातल्या एका माणसानं त्याच आठवड्यात त्या कामाला लागावं.

नावाचं लेखन आधारशी जुळतं का? "सुमनबाई" आणि "सुमन" यांत संगणक भेद करतो.

कार्डाला बारा अंकी ऑनलाइन क्रमांक आहे का? पांढरी कार्डं बरीच वर्षं धान्याविना कपाटात पडून असल्यामुळे अनेकदा ऑनलाइन नोंदलेलीच नसतात. तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत, मुंबईत शिधावाटप कार्यालयात, अर्जासोबत रुग्णाचा वैद्यकीय रिपोर्ट जोडा आणि तातडीचं काम असल्याचं लिहा. तोंडी सांगितलेली तातडी बाबूंच्या लक्षात राहत नाही.

चौथं, आधारला जोडलेला मोबाइल चालू आहे का? ओटीपी त्यावरच येतो. जुनं सिम बंद पडलेलं असेल तर आधी ते बदलून घ्या.

मग आयुष्मान कार्ड काढा. सेवा केंद्रात निघतं, योजनेतल्या रुग्णालयात रुग्णांसाठी बसवलेले योजनेचे मदतनीस, म्हणजे आरोग्यमित्र, तेही मदत करतात. रुग्ण सत्तर वर्षांचा किंवा त्यावरचा असेल तर उत्पन्न आणि रेशनकार्डाचा रंग कोणताही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर पाच लाखांचं संरक्षण आहे; त्याला आधार पुरतं.

चौथी पायरी: रुग्णालय ठरवणं

प्रश्न दोन विचारा. रुग्णालय योजनेत आहे का, आणि याच आजाराच्या याच उपचारासाठी आहे का? एखादं रुग्णालय हाडांच्या शस्त्रक्रियेसाठी योजनेत असतं आणि कर्करोगासाठी नसतं. बाहेरचा फलक बघून आत जाऊ नका. १५५३८८ या क्रमांकावर फोन करून विचारा. आयुष्मानचा क्रमांक १४५५५.

सगळ्यांनी परळलाच धाव घ्यायची गरज नाही. टाटा मेमोरियल १९४१ पासून आहे, तिथला अनुभव आणि तज्ज्ञ यांना तोड नाही, आणि गुंतागुंतीच्या किंवा दुर्मीळ कर्करोगासाठी तिथेच जावं. पण ठरावीक पद्धतीचे उपचार राज्यात इतरत्रही होतात: छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय. माझं मत असं की उपचार काय आणि कसा, हे एकदा मोठ्या केंद्रातून ठरवून घ्यावं आणि शक्य असेल तर तो घराजवळ घ्यावा. रेडिएशन, ज्याला वॉर्डात सगळे लाइट म्हणतात, आठवड्याचे पाच दिवस असं पाच-सहा आठवडे चालतं. परक्या शहरात एवढे दिवस दोन माणसांनी राहायचं म्हणजे शेतीचा हंगाम, मुलांची शाळा, रोजंदारी सगळं थांबतं, आणि मग लोक लाइट अर्धी सोडून गावी येतात. अर्धवट उपचार हा जवळच्या, लहान केंद्रातल्या पूर्ण उपचारापेक्षा वाईट.

केमोचं ओझंही हळूहळू जिल्ह्यात येतं आहे. केंद्रानं २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत डे-केअर, म्हणजे उपचार घेऊन त्याच दिवशी घरी जायची, कर्करोग केंद्रं उभारायचं जाहीर केलं, त्यातली २०० पहिल्याच वर्षी. पहिली केमो मोठ्या केंद्रात झाल्यावर पुढच्या सायकली, म्हणजे केमोच्या पुढच्या फेऱ्या, आपल्या सिव्हिलमध्ये घेता येतील का, हे डॉक्टरांना विचारा आणि "हो" म्हणाले तर उपचाराचा लेखी आराखडा मागून घ्या.

टाटात नाव नोंदवताना जनरल की प्रायव्हेट असं विचारतात. पैशाची जराही ओढाताण असेल तर जनरल सांगा. डॉक्टरांचा चमू तोच असतो. समाजसेवा विभागाची मदत प्रामुख्यानं जनरलच्या रुग्णांसाठी आहे, आणि एकदा प्रायव्हेट फाइल निघाली की मागे फिरणं कटकटीचं होतं.

पाचवी पायरी: आरोग्यमित्र आणि पूर्वमंजुरी

योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. बिलिंगच्या खिडकीवर जायच्या आधी तिथे जा. रेशनकार्ड, आधार, बायोप्सीचा रिपोर्ट, स्कॅन, डॉक्टरांचं पत्र यांच्या प्रती द्या. रुग्णालय ऑनलाइन पूर्वमंजुरी मागतं, योजना चालवणाऱ्या राज्य आरोग्य हमी सोसायटीचे डॉक्टर कागद पाहून मंजूर करतात किंवा शंका काढतात. शंका निघाली की अर्ज "पेंडिंग" राहतो आणि नातेवाइकांना ते कुणी कळवत नाही. रोज सकाळी जाऊन विचारा, वाईटपणा आला तरी चालेल.

मंजुरीनंतर दाखल असतानाच्या तपासण्या, औषधं, शस्त्रक्रिया, रुग्णाचं जेवण आणि घरी परतायचं एक वेळचं भाडं योजनेत येतं. घरी सोडल्यावरचे दहा दिवसही त्यात धरलेले आहेत. केमोला प्रत्येक सायकलची मंजुरी वेगळी लागते, तेव्हा पुढची तारीख मिळाली की आरोग्यमित्राला त्याच दिवशी सांगून ठेवा. आजार तातडीचा असेल, रक्तस्राव किंवा श्वास अडकत असेल, तर फोनवर तात्पुरती मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात; कागद मागून चालतात.

पाच लाख ही रक्कम कुटुंबाची आहे, एका माणसाची नाही. त्याच वर्षात घरात कुणाची हृदयाची शस्त्रक्रिया झाली असेल तर तेवढी रक्कम वजा होते. किती शिल्लक आहे ते आरोग्यमित्राच्या संगणकावर दिसतं.

सहावी पायरी: योजनेत न बसलेला खर्च

काही महागडी औषधं, पेट स्कॅनसारख्या तपासण्या, योजनेत नसलेलं रुग्णालय अशा कारणांनी खर्च अंगावर येतो. त्यासाठी तीन दारं आहेत.

पहिलं धर्मादाय रुग्णालयांचं. सवलतीत जमीन, कर यांचा फायदा घेतलेली अनेक मोठी पंचतारांकित दिसणारी रुग्णालयं कायद्यानं धर्मादाय संस्था आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मध्ये लागू केलेल्या योजनेनुसार त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा पिवळं-केशरी कार्ड लागतं. स्वागतकक्षातली मुलगी "असं काही नसतं" म्हणाली तर वैद्यकीय समाजसेवकाला भेटा. ते पद तिथे असतं. तरी दाद मिळाली नाही तर जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात अर्ज करा.

दुसरं, मुख्यमंत्री वैद्यकीय सहाय्यता निधी. उत्पन्नाची मर्यादा १ लाख ६० हजार. अर्ज, उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशनकार्ड, रिपोर्ट आणि रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं. रुग्णालय खासगी असेल तर अंदाजपत्रक जिल्हा शल्यचिकित्सकांकडून प्रमाणित करून घ्यावं लागतं, हे न करता पाठवलेले अर्ज परत येतात. रुग्ण दाखल असेल तर जिओ टॅग असलेला फोटो मागतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यात ठिकाण चालू करून काढा. मदत रुग्णालयाच्या खात्यात जाते. तोच उपचार फुले योजनेत मोफत होत असेल तर इथे अर्ज टिकत नाही, म्हणून पाचवी पायरी आधी. मंत्रालयात खेटे घालायची आता गरज नाही, जिल्हाधिकारी कार्यालयात जिल्हा कक्ष आहेत.

तिसरं, केंद्राचं: पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी, आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी आरोग्यमंत्र्यांचा कर्करोग रुग्ण निधी, जो ठरावीक प्रादेशिक कर्करोग केंद्रांमार्फत मिळतो. दोन्हींची सुरुवात रुग्णालयाच्या समाजसेवा विभागातूनच करा.

या सगळ्यांना लागणारे कागद थोड्याफार फरकानं तेच आहेत. प्रत्येकाच्या दहा झेरॉक्स एकदाच काढून ठेवा आणि मूळ कागद कुणाच्याही हातात सोडू नका. "लवकर करून देतो" म्हणून पैसे मागणारा भेटला तर तो दलाल आहे. यातल्या एकाही अर्जाला शुल्क नाही.

सातवी पायरी: जाणं, राहणं, औषधं

रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना-येताना स्लीपर आणि थ्री टियर एसीमध्ये पूर्ण माफी आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. फॉर्म ठरलेल्या नमुन्यातला असतो, उपचार करणाऱ्या डॉक्टरांची सही आणि रुग्णालयाचा शिक्का लागतो. तिकीट आरक्षण खिडकीवरच काढावं लागतं. पुढची तारीख मिळते त्याच वेळी फॉर्मवर सही घ्या. एसटीतही कर्करोगग्रस्तांना सवलत आहे, आगारात चौकशी करा. बायकांना अर्धं तिकीट आणि पंच्याहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवास तर आहेच.

मुंबईत राहण्यासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा बाहेरगावच्या रुग्णांचा जुना आधार आहे. लहान मुलांसाठी सेंट ज्यूड्सची केंद्रं आहेत. जागा मिळायला समाजसेवा विभागाची चिठ्ठी लागते आणि रांग असते, म्हणून नाव नोंदणीच्या दिवशीच सांगून ठेवा. फुटपाथवर राहून केमो घेणं म्हणजे जंतुसंसर्गाला आमंत्रण, कारण त्या दिवसांत पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात.

औषधं बाहेरून आणायला सांगितली तर चिठ्ठीवर जेनेरिक नाव लिहून मागा. मग जनऔषधी आणि अमृत या स्वस्त औषधांच्या सरकारी दुकानांत भाव विचारा. २०१९ मध्ये केंद्रानं कर्करोगाच्या ४२ औषधांवरचा व्यापारी नफा ३० टक्क्यांवर बांधला, तरी दुकानादुकानांत फरक बराच असतो.

आठवी पायरी: दुखणं थांबवण्याचे उपचार

हे उपचार शेवटच्या दिवसांसाठी राखून ठेवायचे नसतात. पहिल्या महिन्यापासून वेदनेवर औषध मागता येतं. तीव्र वेदनेवर मॉर्फिनच्या गोळ्या स्वस्त आहेत आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुरक्षित आहेत. पूर्वी परवान्यांच्या जंजाळामुळे त्या मिळत नसत; २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त रुग्णालयांना त्या ठेवणं सोपं झालं. जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे याच उपचारांचा, कक्ष विचारा. "आता काही करता येणार नाही" असं सांगून घरी पाठवलं, तर त्याच डॉक्टरांना विचारा: दुखण्यासाठी, श्वासासाठी, झोपेसाठी काय देता?

नववी पायरी: घर चालवण्यासाठी

कमावतं माणूस आजारी पडलं असेल तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कर्करोगाचा समावेश आहे. वय ६५ च्या आत, राज्यात १५ वर्षं रहिवास, कौटुंबिक उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत. दरमहा १,५०० रुपये. उत्पन्नाची ही अट इतकी कडक आहे की खरोखरच्या गरजूंपैकी अनेक जण तिथेच गळतात, पण पात्र असाल तर तहसील कार्यालयात अर्ज द्या. काही जिल्हा परिषदा स्वतःच्या निधीतून दुर्धर आजारांसाठी एकरकमी छोटी मदत देतात. पंचायत समितीच्या आरोग्य विभागात विचारणा करायला पैसे लागत नाहीत.

दहावी पायरी: अडवलं तर

योजनेत मंजुरी झाल्यावर रुग्णालयानं अनामत, औषधांचे किंवा "वरचे" पैसे मागितले तर आधी पावती मागा. पावती द्यायला कां कूं सुरू झाली की अर्ध्या मागण्या तिथेच विरतात. दिली तर तिचा फोटो काढा. आरोग्यमित्राला सांगा, मग १५५३८८ वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून घ्या. दोन दिवसांत हालचाल झाली नाही तर योजनेच्या जिल्हा समन्वयकांना आणि जिल्हा शल्यचिकित्सकांना एकच लेखी अर्ज द्या, पोच घ्या. अर्ज एका पानाचा असावा: रुग्णाचं नाव, रेशनकार्ड क्रमांक, रुग्णालय, मंजुरीची तारीख, किती पैसे कुणी कशासाठी मागितले, तक्रार क्रमांक. रागाची वाक्यं काढून टाका. अर्ज चालू असताना उपचार थांबवू नका. केमोची तारीख आली असेल तर ती घ्या, तक्रार तिच्या गतीनं चालू द्या.